बदली देण्यात यावा

१

उत्तरेश्वर चित्रं काढायचा, पण विश्रांतवाडीत कुणी विचारलं तर "ऑफिसला जातो" एवढंच सांगायचा. त्यात खोटं काही नव्हतं. सव्वाआठला तो डबा घेऊन घराबाहेर पडे, स्वारगेटला बस बदलून बिबवेवाडीत उतरे आणि दहाला पाच कमी असताना भाड्याच्या खोलीचं कुलूप काढे. खोली पहिल्या मजल्यावर होती. खाली सुशीलाबाईंचं पोळी-भाजी केंद्र होतं, त्यामुळे दिवसभर लाटण्याचा आवाज आणि तव्याचा वास जिन्याने वर येई.

दाराच्या आत खिळ्याला हजेरीचं मस्टर टांगलेलं असे. पन्नास नावं मावतील एवढं मोठं, आणि त्यात नाव एकच. दहाच्या ठोक्याला तो त्या दिवसाच्या चौकोनात 'ह' लिही. ह म्हणजे हजर. एक ते दीड जेवण. साडेतीनला खालून चहा. सहाला ब्रश धुऊन, पॅलेट पुसून दाराला कुलूप. चित्र रंगात आलेलं असलं तरी सहाला काम बंद.

ओळखीचे चित्रकार हसत. "अरे, चित्र काय फाइल आहे का, दहाला उघडायची आणि सहाला मिटायची?" असं विचारत. उत्तरेश्वर मान खाली घालून हसे.

खरं कारण त्याचे वडील होते. बापूराव. तो त्यांना आण्णा म्हणे. आण्णा एका कारखान्यात अकरा वर्षं बदली कामगार होते. रोज सकाळी डबा घेऊन गेटबाहेर उभं राहायचं. आतला कुणी कायम कामगार रजेवर असला तर त्याच्या जागी एका दिवसापुरतं आत जायचं, नाही तर भरलेला डबा तसाच घरी आणायचा. अकरा वर्षं गेली, पण आण्णा कायम झाले नाहीत. मग कारखानाच बंद पडला.

उत्तरेश्वरने नववीत शाळा सोडली, दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. आता आपण नुसती चित्रं काढणार, असं त्याने घरी सांगितलं तेव्हा आण्णांनी एकच विचारलं होतं, "कामाची वेळ काय?"

म्हणून त्याने वेळ ठरवली, मस्टर आणलं. तरी आण्णांनी त्याचं एकही चित्र धडपणे पाहिलं नाही. संध्याकाळी तो मोबाइलमधला फोटो पुढे करी आणि आण्णा चष्मा न लावताच म्हणत, "बरं हाय."

त्याला दुसरं काही नको होतं. एकदा आण्णांनी चष्मा लावून बघावं, एवढंच हवं होतं. त्यासाठी तीन महिने तो एकाच चित्राला भिडला होता. गेटबाहेर उभे असलेले तरुण आण्णा, हातात डबा. सगळं कसंबसं जमलं होतं, पण डबा धरलेला हात काही केल्या जमत नव्हता. हात कसला, पिशवी अडकवायचा हुक दिसत होता तो.

२

जूनमध्ये गावाकडे मावसबहिणीचं लग्न निघालं. दोन दिवस जाणं भाग होतं. ऑफिस म्हटलं की रजेला अर्ज हवा, म्हणून उत्तरेश्वरने कागद घेतला.

त्याला अर्ज एकच येत होता. लहानपणी त्याचं अक्षर मोत्यासारखं. वस्तीतल्या कायम कामगारांचे रजेचे अर्ज आण्णा त्याच्याकडून लिहून घेत आणि शेवटचं वाक्य स्वतः सांगत. ते वाक्य अर्जात असलं की टाइमकीपरला गेटवरून माणूस आत घ्यावाच लागे. जेवढे अर्ज, तेवढे आण्णांचे दिवस. त्यामुळे ते वाक्य उत्तरेश्वरच्या हातात बसलेलं होतं. आताही तो लिहीत गेला.

"मावसबहिणीच्या लग्नानिमित्त मला दोन दिवसांची रजा मिळावी. सदर काळात माझ्या जागी बदली देण्यात यावा, ही विनंती."

शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर त्याचं त्यालाच हसू आलं. या ऑफिसात साहेबही तोच होता. त्याने लाल पेनाने खाली 'मंजूर' लिहिलं, सही केली आणि कागद मस्टरमध्ये ठेवला. दोन चौकोनांत 'र' लिहिला. र म्हणजे रजा.

३

परत आला तेव्हा दहाला पाचच कमी होते. कुलूप जसंच्या तसं होतं. खिडकी आतून बंद होती. मस्टर उघडून 'ह' लिहायला पेन टेकवलं, तर आधीच्या दोन चौकोनांत 'र'खाली बारीक अक्षरात 'ब' लिहिलेला दिसला. दोन्ही दिवशी.

मग त्याने चित्राकडे पाहिलं.

हात पूर्ण झाला होता. रंग अजून ओला होता. डब्याच्या कडीत चार बोटं होती आणि अंगठा मात्र कडीबाहेर, थोडा वर उचललेला. आपलं नाव पुकारलं की लगेच पाऊल टाकायचं म्हणून जो माणूस डबासुद्धा सैल धरत नाही, त्याचा तो हात होता.

घाबरायला हवं होतं, पण उत्तरेश्वरला आधी भीती वाटलीच नाही. हेवा वाटला. पाट्या रंगवताना शेजारच्या दुकानाची पाटी दुसऱ्याने आपल्यापेक्षा सुरेख रंगवलेली दिसली की असंच व्हायचं. चोरी झाली असती तर बरं, असं त्याला वाटून गेलं. चोर काहीतरी घेऊन तरी गेला असता.

तो खाली आला. सुशीलाबाई कणीक तिंबत होत्या. दुसरी किल्ली त्यांच्याकडे असे.

"बाई, दोन दिवसांत वर कोणी आलं होतं का?"

"आलं होतं की."

"कोण?"

"तुम्ही." त्यांनी मान वर केली नाही. "दहाला पाच कमी असताना गेलात, सहाला उतरलात. घड्याळ लावून घेते मी तुमच्यावर."

"मी गावाला होतो, बाई."

"असाल. मी पाठमोरं बघितलं. 'चहा पाठवू का' म्हटलं तर उत्तर नाही. म्हटलं, नेहमीप्रमाणे तोंडात मिठाची गुळणी. तुमच्यासारखा माणूस ओळखायला तोंड कशाला बघावं लागतं?"

किल्ली त्यांच्या देवघराजवळच्या खिळ्याला होती. तिच्यावर पिठाचा थर होता.

४

संध्याकाळी त्याने आण्णांना फोटो दाखवला.

आण्णांनी बघितलं. मग शर्टाच्या खिशातून चष्मा काढला, उपरण्याने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा बघितलं. बराच वेळ. गॅसवरची आमटी उतू जाऊन बर्नर विझला तरी त्यांना कळलं नाही.

"लोक भांडणात बाप काढत्यात," ते शेवटी म्हणाले. "तू कागदावर काढलास माझ्या राजा."

उत्तरेश्वर हसला. इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते असंच काहीतरी असणार होतं.

"पण बाकीचं घाईत केलंस," आण्णा फोटो मोठा करत म्हणाले. "तोंड-बिंड कुणाचंबी असंल. हा हात मात्र माझाय. वाट बघतोय बघ हात. ह्यो अंगठा असा असायचा, तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही," उत्तरेश्वर म्हणाला. "असंच काढलं."

त्या संध्याकाळी आण्णा पहिल्यांदा गेटबद्दल बोलले. उत्तरेश्वर ऐकत होता. पण आण्णा बोलताना त्याच्याकडे बघत नव्हते. ते मोबाइलमधल्या हाताकडे बघत होते.

५

आठवडाभर त्याने स्वतःला समजावलं. रजेच्या आधीच आपण हात काढला असेल आणि लग्नाच्या धावपळीत विसरलो असू. 'ब'ही आपणच गंमत म्हणून लिहिला असेल. रंग ओला राहिला असेल, तेलाचा रंग पावसाळी हवेत वाळायला वेळ घेतोच. सगळं पटण्यासारखं होतं. फक्त आपण असा हात काढू शकतो, हे पटत नव्हतं.

सोमवारी त्याने पुन्हा अर्ज लिहिला. घरगुती कारणास्तव एक दिवस. शेवटचं वाक्य तेच.

मंगळवारी तो नेहमीप्रमाणे डबा घेऊन निघाला आणि बिबवेवाडीऐवजी वाघोलीच्या बसमध्ये बसला. दुपारी तिथल्या थांब्यावर, कॉलेजच्या पोरांच्या घोळक्यात बसून त्याने डबा खाल्ला. बुधवारी खोली उघडली तर चित्रात आण्णांचा चेहरा बदललेला होता. आता तो कुणाचाही चेहरा राहिला नव्हता, आण्णांचाच झाला होता.

आण्णांनी त्या रात्री फोटो उघडा ठेवून मोबाइल उशाशी घेतला.

मग एक दिवसाचे तीन झाले, तिनाचे आठ झाले. रजा संपली की तो एक दिवस हजर होई, पुढच्या रजेचा अर्ज लिही, नवी चित्रं बघे, फोटो काढे आणि सहाला कुलूप लावी. ब्रशला हात लावत नसे. गेट आलं. गेटबाहेरची रांग आली. रांगेतला एक माणूस एका पायावर भार टाकून उभा होता. आण्णा ओरडलेच, "आरं, ह्यो तर सखाराम! पाय मोडला व्हता त्याचा. तू तर जन्मला पण नव्हतास!"

"तुम्हीच सांगितलं असेल कधीतरी."

"असंल," आण्णा म्हणाले. त्यांना कारण नको होतं, चित्र हवं होतं. रोज संध्याकाळी दारातच विचारत, "आज काय केलं?" उत्तरेश्वर रोज थोडं थोडं दाखवी. बापलेक आयुष्यात एवढं बोलले नव्हते. आणि तरी उत्तरेश्वरला सारखं वाटे, आण्णा कुणा दुसऱ्याशीच बोलताहेत आणि आपण मधला निरोप्या आहोत. फोटो न्यायचा, कौतुक ऐकायचं. पण ते कौतुक पुढे पोहोचवायलाही कुणी नव्हतं. ते त्याच्याजवळच सडत होतं.

एकदा त्याने आडून विचारलं, "आण्णा, बदलीवाल्यांचं काम कसं असायचं?"

"कायमवाल्यापेक्षा केव्हाबी चांगलं," आण्णा म्हणाले. "कायमवाला बसलेलाच असतो, त्याला काय? बदलीवाला जीव तोडून करतो. त्याला वाटतं, काम बघून कुणीतरी म्हणंल, जागा ह्याला द्या." त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "कुणी म्हणत नाही. पण म्हणायला पायजे व्हतं."

६

ऑगस्टमध्ये त्याने ठरवलं, आता रजा बंद. जागा आपली आहे.

सलग आठ दिवस तो हजर राहिला. दहाला 'ह', सहाला कुलूप. तो आला की खोलीत दुसरं कुणी नसे, येण्याची चाहूलही नसे. जिन्यात बसून पाहिलं, दाराला दोरा बांधून पाहिला. काही नाही. माणूस जागेवर हजर असताना बदली येतच नाही, हे त्याला बदलीवाल्याचा मुलगा म्हणून कळायला हवं होतं.

त्या आठ दिवसांत त्याने एक नवं चित्र केलं. कारखान्याच्या नळावर डबा धुणारे आण्णा. मान मोडेपर्यंत काम केलं. संध्याकाळी फोटो पुढे धरला.

आण्णांनी चष्मा लावून बघितला. मग उत्तरेश्वरच्या कपाळाला हात लावला.

"तब्येत बरी नव्हती का रं तुझी?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोहोचल्यावर उत्तरेश्वरने रंग खरवडायची सुरी घेतली आणि पहिल्या चित्रातला तो हात खरवडून काढला. कडीतली चार बोटं, वर उचललेला अंगठा, सगळं. खाली पांढरं कापड दिसेपर्यंत. त्याच्या आयुष्यात त्याने कुणावर हात उगारला नव्हता. खरवडताना त्याला जे बरं वाटलं त्याची त्याला नंतर लाज वाटली. मग कागद घेतला. पंधरा दिवस रजा मिळावी. सदर काळात. लाल पेन शोधावं लागलं नाही, ते वरच ठेवलेलं होतं.

पंधरा दिवसांनी हात परत आला होता. जसाच्या तसा. फक्त बोटांच्या सांध्यांवर आता खरवडल्याच्या बारीक जखमा रंगवलेल्या होत्या.

त्याने मस्टर काढलं. जूनपासूनची पानं उलटली. रजेच्या सगळ्या चौकोनांत, जिथे त्याने 'र' लिहिला होता, तिथे आता 'ह' होता. एकही खाडाखोड नव्हती. आणि ऑगस्टच्या त्या आठ दिवसांत, जेव्हा तो स्वतः दहाला हजर होता, ओळीने आठ चौकोनांत 'ब' होता.

अक्षर मोत्यासारखं होतं.

त्या दिवशी त्याने चौकोनात काय लिहावं हे त्याला सुचेना. पेन टेकवून तो बराच वेळ उभा राहिला आणि काहीच न लिहिता खाली उतरला. जिन्याच्या तोंडाशी सुशीलाबाईंनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. "कुणाकडे आला होतात?" असं काहीतरी त्या म्हणाल्यासारखं त्याला वाटलं. पण तवा तडतडत होता. नीट ऐकू आलं नाही.

७

यानंतर त्याने अर्ज लिहिले नाहीत आणि ऑफिसातही गेला नाही. घरून मात्र सव्वाआठला निघत राहिला. फोटोंचं काय करायचं, हा प्रश्नही आला नाही. आण्णांनी मागणं बंद केलं होतं. विचारलं तर म्हणत, "बघितलं की. झाक झालंय." कुठे बघितलं, हे विचारायचा त्याला धीर झाला नाही.

गुरुवारी दुपारी तो वाघोलीच्या थांब्यावर बसला होता. फोन वाजला. सुशीलाबाई.

"बापूराव आलेत हो. पहिल्यांदाच पायधूळ झाडली, सांगायचं नाही का? वर दोन कप चहा पाठवलाय."

"दोन?"

"एक त्यांना, एक तुम्हाला. का, बशीतून पिणार होतात दोघं?"

"बाई, मी वाघोलीत आहे."

पलीकडे लाटण्याचा आवाज थांबला. मग त्या थंडपणे म्हणाल्या, "वरून हसण्याचा आवाज खाली ऐकू येतोय. बापलेक मजेत आहात, राहा. पण बाईमाणसाची चेष्टा करू नये. कोण बोलतंय हे?"

"मी उत्तरेश्वर."

"बरं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

८

रिक्षा करून तो बिबवेवाडीत पोहोचला तेव्हा तीन वाजून गेले होते. स्वच्छ ऊन होतं. सुशीलाबाई पोळ्या मोजून कागदात गुंडाळत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. तो जिना चढला.

निम्म्यातच हसू ऐकू आलं. आण्णांचं हसू. आई गेल्यापासून सहा वर्षांत त्याने ते ऐकलं नव्हतं, आणि असं मोकळं तर कधीच नाही. ते सखारामची गोष्ट सांगत होते. पाय कसा मोडला, तरी तो गेटवर कसा आला, कुणाच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला. ही गोष्ट उत्तरेश्वरला त्यांनी कधी सांगितली नव्हती. त्याने विचारलंही होतं. "सोड रं" म्हणाले होते.

दार नुसतं लोटलेलं होतं. बोटभर फट होती.

फटीतून आण्णा दिसले. खिडकीशी स्टुलावर, उजेडात बसलेले. बोलत होते आणि समोर बघत होते. त्यांच्या तोंडावर जे होतं तेच काढायला उत्तरेश्वरने ही खोली घेतली होती. आपल्यालाही कुणीतरी आत घेतलं, असं ते तोंड होतं.

त्यांच्यासमोर, ईझलशी, पाठमोरा एक माणूस उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट. मानेवर बारीक कापलेले केस. उत्तरेश्वर त्या मानेकडे बघत राहिला. ही आपलीच मान आहे का, हे त्याला ठरवता येईना. स्वतःची मान मागून कुणी पाहिलेली असते? ती फक्त दुसऱ्यांना ठाऊक असते. आईला, बापाला. आणि बाप तर समोरच बसला होता, डोळे भरून बघत होता, आणि त्याच्या नजरेत तसूभरही शंका नव्हती.

दोन कप बाजूच्या फळीवर होते. दोन्ही रिकामे.

उत्तरेश्वरने दार ढकललं.

ब्रश हवेत थांबला. माणसाने मागे वळून पाहिलं नाही. फक्त त्याचे खांदे किंचित वर आले. बाहेरून आपलं नाव पुकारलं जाईल की काय, या भीतीने एखाद्याचे यावेत तसे.

आण्णांनी दाराकडे पाहिलं. सरळ उत्तरेश्वरच्या तोंडाकडे. बोलणं अर्धवट राहिल्यामुळे ते थोडे त्रासले होते, पण परक्या माणसाशी बोलताना त्यांचा आवाज नेहमी मऊ होई, तसाच झाला.

"कोण पाहिजे आपल्याला?"

उत्तरेश्वरने तोंड उघडलं. एक नाव घ्यायचं होतं, आपलंच. ते जिभेवर आलं होतं. आण्णांच्या चेहऱ्यावरचा उजेड अजून तसाच होता, फक्त थोडा अडखळलेला, आणि आपण ते नाव उच्चारलं की तो विझणार, हे त्याला स्वच्छ दिसलं. मग या खोलीत आपण उरू, आण्णा उरतील आणि "बरं हाय" उरेल.

त्या पाठमोऱ्या माणसाला ढकलून देऊन त्या स्टुलासमोर उभं राहावं, असं त्याला इतकं वाटलं की दाराच्या कडेवर त्याची नखं रुतली.

"कुणी नाही," तो म्हणाला. "चुकून वर आलो."

"असू द्या, होतं असं," आण्णा म्हणाले आणि वळले. "हां, तर काय सांगत होतो तुला, उत्तऱ्या..."

ब्रश पुन्हा चालू लागला. उत्तरेश्वरने दार हळूच, आवाज न करता ओढून घेतलं. आत काम चाललं होतं.